प्राणवायूचे वाहन : रक्ताच्या घेण्या-सोडण्याचा इतिहास

मराठीत ऑक्सिजनला ‘प्राणवायू’ हे नाव रूढ आहे. पाश्चात्त्य रसायनशास्त्र मराठीत आणणाऱ्यांनी हा शब्द नव्याने घडवला नाही. आयुर्वेद व योग ह्यांच्या परंपरेतून तो उचलला. त्या परंपरेत प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान असे पाच वायू मानले आहेत, आणि अन्नरस देहभर फिरवण्याचे काम त्यांपैकी व्यानाकडे सोपवले आहे. जुन्या विभागणीप्रमाणे पाहू गेल्यास रक्तावाटे अवयवांपर्यंत पोचणाऱ्या ह्या वायूचे व्यानाशीच नाते अधिक जवळचे. परंतु भाषेने निवड केली ती प्राणाची, आणि ती लोकांना पटली. कारण हा वायू काही मिनिटे मिळाला नाही तर मेंदू निकामी होऊ लागतो आणि प्राणावर बेतते.

शब्द जुना असला तरी त्यामागचे ज्ञान जुने नाही. हवेतला एक विशिष्ट वायू फुप्फुसात रक्ताला मिळतो, रक्त तो वाहून नेते आणि अवयवांपाशी उतरवून देते, एवढी साधी हकीकत सिद्ध होण्यास कित्येक शतके लागली. हा इतिहास वाचताना एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवते. रक्त प्राणवायू घेते कसा, ह्या प्रश्नामागे विद्वान दीर्घकाळ लागले होते. ते तो सोडते कसा, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. आणि खरे मर्म ह्या दुसऱ्या प्रश्नात होते. प्रस्तुत लेखात ह्या दोन प्रश्नांचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

गेलेन ते हार्वी

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गेलेनने युरोप व पश्चिम आशिया येथील वैद्यकावर तेरा-चौदा शतके अधिराज्य गाजवले. त्याच्या मते रक्त यकृतात तयार होते, नीलांमधून अवयवांकडे जाते आणि पाटाचे पाणी शेतात जिरावे तसे तेथेच जिरून जाते. त्यातले थोडे रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून मधल्या पडद्याच्या अदृश्य छिद्रांवाटे डावीकडे झिरपते. तेथे फुप्फुसातून आलेल्या वायुतत्त्वाशी त्याचा संयोग होऊन ‘जीवनतत्त्व’ सिद्ध होते आणि रोहिण्यांमधून ते देहभर पसरते. ही मांडणी चुकीची होती, पण वेडगळ नव्हती. नीलांतले रक्त काळसर आणि रोहिण्यांतले लालभडक का, ह्या प्रश्नाला तिच्यात उत्तर होते. अडचण होती ती एकच : त्या छिद्रांची. ती कोणीही पाहिलेली नव्हती.

ती छिद्रे नाहीतच, असे १२४२ च्या सुमारास स्पष्टपणे लिहिले ते दमास्कसजवळ जन्मून कैरोत स्थायिक झालेल्या इब्न अल्-नफीस ह्याने. हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त डावीकडे जायचे तर ते फुप्फुसातूनच गेले पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याचे हे विवेचन पुढे विस्मृतीत गेले आणि १९२४ साली बर्लिनच्या ग्रंथालयातील हस्तलिखितात एका इजिप्शियन अभ्यासकाला पुन्हा सापडले. युरोपात हाच विचार मिगेल सर्व्हेटसने १५५३ साली एका धर्मविषयक ग्रंथात मांडला. त्याच वर्षी पाखंडी ठरवून त्याला जिनिव्हात जिवंत जाळण्यात आले. शिक्षेचे कारण त्याची धर्ममते होती, शरीरशास्त्र नव्हे; पण ग्रंथाच्या बहुतेक प्रतींबरोबर तो विचारही आगीत गेला.

१६२८ साली विल्यम हार्वीचे हृदयाच्या गतीविषयीचे लॅटिन पुस्तक फ्रँकफुर्ट येथे प्रसिद्ध झाले. हार्वीचे सर्वांत प्रभावी शस्त्र होते साधा गुणाकार. हृदयाच्या एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडते आणि अर्ध्या तासात ठोके किती पडतात, ह्यांचा त्याने हिशेब मांडला. मुद्दाम कमीत कमी आकडे धरूनही अर्ध्या तासाची बेरीज संपूर्ण देहात मावणाऱ्या रक्तापेक्षा अधिक भरली. आजच्या मापाने एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर आणि मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त हृदयातून बाहेर पडते. म्हणजे तासाला ३०० लिटर. एवढे रक्त यकृत रोज कोठून आणि कशाचे करणार? तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. रोहिण्यांतून ते नीलांत शिरते कोठून, हे हार्वीला दिसले नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ साली, मार्चेल्लो मालपिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पुरे झाले.

रक्त फिरते, हे आता ठरले. ते कशासाठी फिरते, ह्याचे समाधानकारक उत्तर मात्र हार्वीजवळ नव्हते.

रंगाचे कोडे

ह्या प्रश्नाकडे जाणारी पहिली वाट रंगातून निघाली. १६६७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे रॉबर्ट हूकने एका कुत्र्यावर प्रयोग करून दाखवला. कुत्र्याची छाती उघडून, फुप्फुसांना बारीक छिद्रे पाडून, भात्याने त्यांतून अखंड हवा सोडली. फुप्फुसे फुगलेली पण निश्चल होती, तरीही प्राणी जिवंत राहिला. हवा थांबवताच तो तडफडू लागला. म्हणजे गरज होती ती फुप्फुसांच्या हालचालीची नसून ताज्या हवेची. तीन वर्षांपूर्वी असाच प्रयोग केल्यावर त्या प्राण्याच्या यातना पाहून हूकने तो पुन्हा करण्याची अनिच्छा पत्रातून व्यक्त केली होती, हेही येथे नोंदवले पाहिजे. आपल्या ज्ञानाला अशीही किंमत मोजावी लागलेली आहे.

हूकचा सहकारी रिचर्ड लोअर ह्याने पुढचे पाऊल टाकले. रक्ताचा रंग हृदयात बदलतो, असे तो आधी मानत असे. प्रयोगांनंतर १६६९ च्या ग्रंथात त्याने ते मत सोडून दिले. श्वासनलिका बांधली असता फुप्फुसातून बाहेर येणारे रक्त काळसर राहते आणि हवा मिळताच ते लाल होते, हे त्याने दाखवले. भांड्यात साकळलेल्या रक्ताची गुठळी उलटी केली की तळची काळी बाजू हवा लागून लाल होते, हे निरीक्षणही त्याचेच. लोअरचा समकालीन जॉन मेयो ह्याने तर ज्वलन व श्वसन ह्या दोहोंना हवेचा एकच अंश लागतो, असा तर्क केला. परंतु त्या अंशाला हवेपासून वेगळे काढण्याची विद्या त्या काळी नव्हती, आणि हा धागा शंभर वर्षे तसाच पडून राहिला.

फुप्फुसात शेगडी?

१७७४ साली जोसेफ प्रीस्टलीने पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर भिंगाने सूर्यकिरण एकवटून हा वायू मिळवला. स्वीडनच्या शीलेने तो त्याआधीच तयार केला होता, पण त्याचे पुस्तक मागाहून निघाले. ह्या वायूचे खरे स्थान ओळखून त्याला ऑक्सिजन हे नाव दिले ते पॅरिसच्या लाव्हाझिएने. लाप्लासच्या साहाय्याने १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्याने बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनीपिग ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळले आणि त्याने उच्छ्वासातून किती कार्बन डायॉक्साइड सोडला, हे मोजले. तेवढाच कार्बन डायॉक्साइड देणारा कोळसा जाळून किती बर्फ वितळते, ह्याच्याशी त्याने ते ताडून पाहिले. आकडे जवळपास जुळले. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, हा निष्कर्ष निघाला.

पण हे ज्वलन होते कोठे? लाव्हाझिएला वाटले, फुप्फुसातच. गणिती लाग्रांजने ह्यावर एक मार्मिक आक्षेप घेतला : संपूर्ण देहाची उष्णता एकट्या फुप्फुसात निर्माण होत असती तर फुप्फुसे जळूनच गेली असती. १७९४ च्या मे महिन्यात क्रांतिकारक सरकारने लाव्हाझिएचा शिरच्छेद केला. हा वाद त्याच्या हयातीत मिटला नाही. १८३७ साली बर्लिनच्या माग्नुसने निर्वात पंपाच्या साहाय्याने रक्तातले वायू बाहेर ओढून मोजले. रोहिणीच्या व नीलेच्या, दोन्ही रक्तांत प्राणवायू व कार्बन डायॉक्साइड सापडले. रोहिणीच्या रक्तात प्राणवायूचे प्रमाण तुलनेने अधिक होते. फुप्फुसातच सारे जळून जात असते तर रक्तात प्राणवायू उरलाच नसता. पुढे प्फ्ल्यूगरने १८७० च्या दशकात हे ज्वलन देहाच्या पेशीपेशींत होते हे प्रस्थापित केले, आणि रक्ताच्या पदरी त्याचे खरे काम आले : वाहतुकीचे.

तांबडे द्रव्य

केवळ पाण्यात विरघळावा तसा प्राणवायू रक्तात विरघळत असेल का? हिशेब जुळत नाही. एक लिटर रक्ताच्या द्रवात फार तर ३ मिलिलिटर प्राणवायू विरघळतो. मिनिटाला ५ लिटर रक्त फिरले तरी त्यातून १५ मिलिलिटरच मिळणार, आणि स्वस्थ बसलेल्या माणसालाही मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर लागतात. प्रत्यक्षात रोहिणीतल्या लिटरभर रक्तात सुमारे २०० मिलिलिटर प्राणवायू असतो. हा सारा फरक तांबड्या पेशींतल्या एका द्रव्यामुळे पडतो. जर्मनीत ट्यूबिंगेन येथे किल्ल्याच्या जुन्या मुदपाकखान्यात थाटलेल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या होप्पे-सायलरने १८६४ साली त्याला हिमोग्लोबिन हे नाव दिले. त्याच वर्षी केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सने प्रकाशाच्या वर्णपटात पाहून दाखवले की, हे द्रव्य प्राणवायू घेते तेव्हा त्याचे पट्टे वेगळे दिसतात, तो काढून घेतला की बदलतात, आणि हवेशी ढवळताच पूर्ववत होतात. लोखंड एकदा गंजले की गंजलेच. येथे लोहाचा अंश असूनही व्यवहार परतीचा होता. लोअरला दोनशे वर्षांपूर्वी दिसलेल्या रंगबदलाचा उलगडा असा झाला.

ह्या परतीच्या व्यवहाराची किंमत एका विषाने शिकवली. कार्बन मोनॉक्साइडने मेलेल्या प्राण्यांच्या नीलांतले रक्तही लालभडक असते, हे फ्रान्सच्या क्लोद बेर्नारच्या ध्यानात आले होते, आणि १८५७ पर्यंत त्याने कारणही सांगितले होते : हा वायू तांबड्या पेशींतली प्राणवायूची जागा बळकावतो. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपणारे किंवा हवेला वाट नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गीझर लावणारे लोक आजही ह्याच कारणाने दगावतात. रक्त दिसते निरोगी आणि लाल, पण ते कामाचे राहिलेले नसते.

सोडण्याचे शास्त्र

आता दुसरा प्रश्न समोर येतो. फुप्फुसात प्राणवायू भरपूर, तेथे हिमोग्लोबिन तो घेते हे समजण्याजोगे आहे. पण वाटेत कोठे आणि किती सोडायचा, हे कसे ठरते?

कोपनहेगनच्या क्रिस्तियान बोरने, पुढे अणुरचनेमुळे विख्यात झालेल्या नील्स बोरच्या वडिलांनी, हॅसेलबाल्ख आणि आउगुस्ट क्रोग ह्यांच्यासह १९०४ साली ह्याचे उत्तर प्रसिद्ध केले. प्राणवायूचा दाब जसजसा वाढतो तसतसे हिमोग्लोबिन किती भरते, ह्याचा आलेख सरळ रेषेत जात नाही. आरंभी मंद, मध्ये एकदम चढता आणि शेवटी सपाट असा तो वळसे घेतो. सपाट भागामुळे फुप्फुसात दाब थोडा उणा-अधिक झाला तरी रक्त जवळजवळ पूर्ण भरते. चढाच्या भागामुळे अवयवांपाशी दाब थोडासा उतरताच पुष्कळ प्राणवायू सुटतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कार्बन डायॉक्साइड वाढला की हिमोग्लोबिनची पकड आणखी सैल होते. जो स्नायू अधिक राबतो तो अधिक कार्बन डायॉक्साइड सोडतो, आणि म्हणून त्याला अधिक प्राणवायू मिळतो. कोणी वरून आज्ञा देण्याची गरज नाही. गरजवंताच्या दारातच माल उतरतो. विश्रांतीच्या वेळी रक्त आपला सुमारे पाव हिस्साच प्राणवायू देते आणि उरलेला घेऊन परतते, तो श्रमाच्या वेळेसाठीचा राखीव साठा होय.

इतके सूक्ष्म काम करणारे बोर दुसऱ्या एका बाबतीत चुकले. फुप्फुसे प्राणवायू आपण होऊन रक्तात लोटतात, असे त्यांना वाटे. त्यांचा शिष्य क्रोग व त्याची पत्नी मारी ह्यांनी १९१० साली ते खोडून काढले. इंग्लंडच्या हॉल्डेनने मात्र तो पक्ष अखेरपर्यंत धरून ठेवला. त्याची परीक्षा पाहण्यासाठी केंब्रिजचा जोसेफ बारक्रॉफ्ट १९२० साली विरळ हवेच्या काचेच्या कोठडीत सहा दिवस राहिला आणि शेवटी स्वतःच्या मनगटाची रोहिणी उघडून रक्त तपासू दिले. त्याच्या रक्तातला प्राणवायू कोठडीतल्या हवेच्या मानानेच कमी होता. फुप्फुसे काहीही लोटत नव्हती.

हिमोग्लोबिनची पकड सैल होते म्हणजे नेमके काय होते? ह्याचा पहिला दृश्य पुरावा १९३८ साली प्रागच्या फेलिक्स हाउरोव्हित्झला मिळाला. प्राणवायूविरहित हिमोग्लोबिनचे जांभळट षट्कोनी स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असता काचेच्या कडेने हवा शिरली, आणि ते स्फटिक विरून त्यांच्या जागी शेंदरी सुया उगवल्या. रेणूचा आकारच बदलत होता. हाउरोव्हित्झचा नातेवाईक, व्हिएन्नाहून केंब्रिजला आलेला मॅक्स पेरुत्झ, ह्याच रेणूच्या मागे १९३७ पासून लागला होता. महायुद्धात त्याला परकी नागरिक म्हणून काही काळ नजरकैदेत राहावे लागले. रेणूत सुमारे दहा हजार अणू; क्ष-किरणांच्या ठिपक्यांवरून त्यांची मांडणी काढायची. १९६० साली घोड्याच्या हिमोग्लोबिनची पहिली स्थूल आकृती त्याने प्रसिद्ध केली आणि १९६२ साली जॉन केंड्रूसह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्या दशकात चित्र स्पष्ट झाले. रेणूत चार साखळ्या, प्रत्येकीत लोहाचा एक अणू. एका लोहाला प्राणवायू मिळाला की चारही साखळ्या किंचित सरकतात आणि उरलेल्यांना तो घेणे सोपे जाते. एकाने सोडला की इतरांनाही सोडणे सोपे जाते. बोरच्या आलेखातले वळसे ह्या चौघांच्या सहकार्यातून उमटलेले होते.

प्राणिसृष्टीतील इतर वाटा

हा मार्ग निसर्गातला एकमेव नव्हे. झुरळाचे रक्त पांढरे असते, कारण कीटकांत हवा बारीक नळ्यांवाटे थेट अवयवांपर्यंत जाते. रक्तावर तो भार नाही. गांडुळात हिमोग्लोबिन आहे, पण ते पेशींत नसून द्रवातच विरघळलेले असते. खेकडे आणि अष्टपाद ह्यांच्यात लोहाऐवजी तांबे असलेले द्रव्य हे काम करते. बेल्जियमच्या फ्रेदरीकने १८७८ साली त्याचे वर्णन केले. प्राणवायू मिळाला की ते निळे दिसते. दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रातल्या काही माशांत तर तांबडे द्रव्य मुळीच नाही, हे नॉर्वेच्या रूड ह्याने १९५४ साली सिद्ध केले; अतिथंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो, म्हणून त्यांचे निभते.

आपल्याकडे दरवर्षी येणारे एक उदाहरण ह्याहून बोलके आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे असणारा पट्टकादंब हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो आणि पैठणजवळच्या जायकवाडी जलाशयावर किंवा गदग जिल्ह्यातील मागडीच्या तळ्यावर हिवाळा काढतो. त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये सखल प्रदेशातल्या नात्यातल्या हंसांपेक्षा मोजकेच दुवे वेगळे आहेत, आणि तेवढ्याने विरळ हवेतूनही तो प्राणवायू अधिक घट्ट धरू शकतो.

एका दुव्याची चूक

एक दुवा बदलल्याने हंसाला हिमालय ओलांडण्यास साह्य होते. माणसात तसाच एक बदल जीवघेणा ठरतो. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक ह्याने एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्याच्या सहकाऱ्यांनी ह्या रोगाचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे दाखवले, आणि १९५६ साली व्हर्नन इन्ग्रॅमने त्या रेणूतला एकच बदललेला दुवा शोधून काढला. हे सदोष हिमोग्लोबिन प्राणवायू घेते, वाहते, सगळे नीट करते. बिघडते ते सोडल्यानंतर. प्राणवायू उतरवताच त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना सुरू होतात.

भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला, आणि १९५८ पर्यंत नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील नोंदीही प्रसिद्ध केल्या. गडचिरोली-चंद्रपूरपासून नंदुरबारपर्यंत, माळव्याच्या पश्चिमेला झाबुआ-अलीराजपूरकडे आणि दक्षिण गुजरातच्या डोंगरपट्ट्यात त्याचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. हिवतापाच्या प्रदेशात वाहकांना त्या तापापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो, त्यामुळे रक्त तपासल्यावाचून हे कळत नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून ह्या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली; २०४७ ही तिची मुदत आहे.

२०२० व २०२१ च्या महामारीत घरोघरी बोटाला लावायचे छोटे यंत्र आले आणि रक्तातला प्राणवायू शेकडा किती, हे लहानथोर सर्वांना मोजता येऊ लागले. त्या यंत्रामागचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी ह्यांनी १९७४ साली शोधले होते. महामारीच्या ऐन आरंभी, एप्रिल २०२० मध्ये, त्यांचे निधन झाले. लाल आणि अवरक्त प्रकाशात रक्त वेगवेगळे दिसते, ह्या भेदावर ते यंत्र चालते. म्हणजे लोअरने गुठळी उलटवून पाहिलेला आणि स्टोक्सने वर्णपटात वाचलेला रंगच ते मोजते. रक्ताने किती घेतले, एवढे ते सांगते. ते पेशींपाशी नीट उतरले की नाही, हे त्याच्या काचेवर उमटत नाही. विळ्याच्या पेशींचा वाहक हाताला ते यंत्र लावून बसला तर त्याला निर्दोष आकडाच दिसेल. लग्नाआधी दोघांच्या रक्ताची एक साधी तपासणी झाली तर पुढच्या पिढीचे दुःख पुष्कळ अंशी टळू शकते. हार्वीच्या गुणाकारापासून पेरुत्झच्या स्फटिकांपर्यंत साठत आलेले हे ज्ञान मेळघाटातल्या आणि झाबुआतल्या पाड्यापाड्यावर त्या तपासणीच्या रूपाने पोचायचे काम अजून पुरे झालेले नाही.